येरझारे सरांचा एकच प्रश्न

येरझारे सर खुर्चीत बसलेले आहेत असं काही केल्या मला आठवत नाही. त्यांचं खरं नाव शांतवन. ज्याने ठेवलं त्याने काय पाहून ठेवलं देव जाणे, कारण या माणसाच्या पायाला भिंगरी होती. शाळेत ते शास्त्र शिकवायचे आणि तास सुरू झाला की फळ्यापासून मागच्या खिडकीपर्यंत त्यांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. त्यामुळे त्यांच्या तासाला मागच्या बाकावरही लपूनछपून शेंगदाणे खाता यायचे नाहीत. 'येरझारे' हे नाव मुलांनी पाडलं, मग शिपायाने उचललं. एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांनी मोठ्या आदराने 'मिस्टर येरझारे' म्हणून त्यांच्याशी हात मिळवला, आणि सरांनी काही दुरुस्ती केली नाही.

आमच्या घरी आले की आई खुर्ची पुढे करायची. सर आमच्या ख्रिस्ती रीतीने 'सलाम, सलाम' करून बशी हातात घ्यायचे आणि अंगणातल्या पपईभोवती फिरत चहा प्यायचे. आई म्हणायची, याच्याकडे बघून मलाच घेरी येते. रविवारी चर्चमध्ये सगळी मंडळी बाकांवर बसलेली असायची, आणि हे मागच्या खांबाला टेकून उभे. उपदेश लांबला की त्यांची चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत यायचा. नगरमधल्या आम्हा ख्रिस्ती लोकांची वस्ती तेव्हा लहान, एकमेकांच्या डाळीत काय पडलं तेही सगळ्यांना ठाऊक. तिथे हा एक माणूस असा का फिरतो, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हतं.

दुसरी खोड प्रश्नाची. प्रश्न एकच, आणि तो ते कशालाही लावायचे. 'हे मुळातलं, की मागून आलेलं?' टांग्याचं घोडं भर रस्त्यात अडून बसलं, शेजारचं पोर हट्टाला पेटलं, पाळकसाहेबांचा आवाज प्रार्थनेत बारीक झाला, की सर थबकायचे आणि विचारायचे. मी जन्माची डावखुरी. आईने लहानपणी माझा डावा हात पदराने बांधून जेवायला बसवलं आणि मला उजव्या वळणाची केली. हे सरांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी वर्गात माझी पाठ त्यांच्याकडे असताना त्यांनी हाक मारली, 'एस्तेर,' आणि मी वळते तोच खडूचा तुकडा फेकला. मी तो डाव्या हातात झेलला. 'बघा,' सर वर्गाला म्हणाले, 'जेवणाचा हात आईचा, झेलायचा हात हिचा.' असे खूश झाले की पुढचा सगळा तास त्यांनी माझ्या हातांवरच घालवला, आणि मी लाजून अर्धी झाले.

मी कॉलेजात गेल्यावरही सर सुटले नाहीत, कारण चर्चच्या तरुण संघात शनिवारचे वादविवाद तेच घ्यायचे. एकदा विषय ठेवला होता, 'माणसाचा स्वभाव जन्माने ठरतो की संगतीने'. विरुद्ध बाजूचा मुलगा आलाच नाही, तेव्हा सरांनी दोन्ही बाजू स्वतः मांडल्या. डावीकडून उजवीकडे जाताना जन्माची, उजवीकडून डावीकडे येताना संगतीची. दोन्ही इतक्या पक्क्या की आम्ही हात टेकले. मी विचारलं, 'पण सर, तुमचं स्वतःचं मत काय?' ते म्हणाले, 'ते ठरलं असतं तर मी शनिवारी इथे कशाला आलो असतो? घरी झोपलो असतो.' सगळे हसले. मीही हसले.

माझी थोरली बहीण राहेल दवाखान्यात नर्स होती. शांत, कामसू, आणि एकदा मनात घेतलं की घेतलं. तिला सर आवडायचे हे घरात सगळ्यांना कळलं होतं, एक सर सोडून. आमचे पप्पा कोर्टात कारकून, मंडळीत वजनदार माणूस. आमच्यात मागणी मुलाकडून यायची, तरी त्यांनी स्वतःच सरांकडे लग्नाचं बोलणं काढलं. दुसऱ्या दिवशी सर आले आणि म्हणाले, मला राहेलशी थोडं बोलायचंय. पप्पांनी परवानगी दिली, पण रीत म्हणून मला मध्ये बसवलं. मी अंगणात शेंगा फोडत होते, राहेलताई पायरीवर, आणि सरांची पपईभोवतीची प्रदक्षिणा चालू.

'राहेल, तुमच्यात नाव ठेवण्यासारखं काही नाही,' ते फिरता फिरता म्हणाले. 'पण माझं मन बायकांकडे जात नाही. कधी गेलंच नाही. पुरुषांकडे जातं. हे आजवर कोणाला बोललो नाही. तुम्हाला न सांगता हो म्हणणं बरं नव्हे.'

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. अशा माणसांसाठी आमच्याकडे शिव्या होत्या, शब्द नव्हता. राहेलताईने मात्र ताप कधीपासून येतो हे विचारावं तसं विचारलं, 'हे कधीपासून?'

'तेच तर कळत नाही,' सर म्हणाले, आणि त्यांची चाल वाढली. 'मी सात वर्षांचा असताना मुलांच्या बोर्डिंगात आलो. तिथे बाईमाणूस म्हणजे भाकरी थापणाऱ्या मावशी तेवढ्या. म्हटलं त्याचंच हे फळ. पण माझ्याबरोबरची बाकीची मुलं त्याच भाकरी खाऊन वाढली, आज बायकापोरांत आहेत. मग म्हणतो, हे माझ्यात मुळातच असणार. पण मुळातलं असेल तर देवाने कशाला दिलं? की पुन्हा बोर्डिंगावर येतो. इतकी वर्षं हेच चाललंय.'

त्या दिवशी मला त्यांच्या फिरण्याचा उलगडा झाला. राहेलताई म्हणाली, 'मागून आलेलं असेल तर मागून जाईलही. आपण लग्न करू.'

मला वाटलं सर आता नाही म्हणतील. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा उतरली ती मला बघवेना. बुडत्या माणसाला कोणी हात द्यावा आणि हात देणाऱ्यालाही पोहता येत नसावं, अशी गत. मला दोघांचाही संताप आला, आणि मी शेंगांची पाटी उचलून आत निघून गेले.

साखरपुड्याआधी सरांना राहेलताईला घेऊन आपल्या आईला भेटायचं होतं. ती देवळाली प्रवऱ्याला राहायची. ठरलेल्या जोडप्याने एकटं हिंडायचं नाही म्हणून मला बरोबर धाडलं. त्या साली पाऊस नव्हता. नगरपासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं खडी फोडत बसलेली दिसत होती. कालव्याच्या बाजूला आल्यावर कुठे ऊस हिरवा दिसला. सरांची आई उसाच्या बांधावरच भेटली. म्हातारी काटक, तोंडाने तिखट. सर पाणीसुद्धा न पिता तिच्या मागे लागले, मी लहानपणी कसा होतो, मुलींत खेळायचो की मुलांत, कोणाच्या मागे असायचो.

'कसा म्हंजी? पोरासारका पोर,' म्हातारी म्हणाली. 'म्या तुज्या बापाला म्हनले हुते, एवडंसं लेकरू हाय, बोर्डिंगात घालू नका. न्हाई ऐकलं. सुट्टीला आलास तवा वळखीचा ऱ्हायला नव्हतास. आता मला इचारतोस, कसा हुतो.'

'आणि मामा? त्याने लग्न का केलं नाही?'

'त्याचं नाव काडू नगं. हळद लागायच्या आदी पळाला त्यो, मिलिट्रीत गेला म्हनत्यात. त्याला बायामानसांचं वावडं हुतं. आमच्या घरान्यात समद्यांचीच डोस्की फिरल्याली.' मग तिने राहेलताईच्या हनुवटीला हात लावला. 'पर ही पोर लई गुनाची हाय. ही बांदून ठिवील तुला.'

म्हातारीने एका दमात बोर्डिंग आणि मामा दोन्ही सरांच्या पदरात टाकले. परतीच्या एस.टी.त जागा रिकाम्या होत्या, तरी सर दांडी धरून नगरपर्यंत उभेच. मध्येच वाकून मला म्हणाले, 'एस्तेर, मामा म्हणजे रक्त. पण मामाला मी कधी पाहिलं नाही, आणि बोर्डिंग तर पाहिलंय.' मी म्हटलं, 'सर, आता तरी पुरे करा.' राहेलताई खिडकीबाहेर बघत होती. तिने ऐकलं नसेल असं मी समजले, पण तिने सगळं ऐकलं होतं.

आमच्यात लग्न ठरलं की चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार ते जाहीर करतात. पाळकसाहेब वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर आत्ताच सांगावी. कोणी बोलत नाही. क्षणभर शांतता, कोणाचा तरी खोकला, आणि पुढचं गीत. पहिल्या रविवारी नावं वाचली तेव्हा आईने डोळे पुसले. मी मान वळवून मागच्या खांबाकडे पाहिलं. सर पांढरेफटक पडले होते.

त्यानंतर त्यांचं फिरणं हाताबाहेर गेलं. शाळा सुटली की पुणे रस्त्याने केडगावपर्यंत जायचे आणि तिथून परत यायचे. कधी मला वाटेत गाठायचे आणि चालायला लावायचे. एका डॉक्टरांकडेही जाऊन आले. डॉक्टरांनी सगळं ऐकून ताकदीचं टॉनिक दिलं आणि म्हणाले, लग्न झालं की माणूस सुधारतो. 'डॉक्टरही हे मागून आलेलं असतं असंच धरतात,' सर मला म्हणाले. 'सगळेच तसं धरतात, कारण मग इलाज सांगता येतो.' मी म्हटलं, 'तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना एकदाचं.' ते म्हणाले, 'मला भीती वाटते.' इतकं सरळ उत्तर त्यांनी मला पहिल्यांदाच दिलं.

दुसरा रविवारही सरला. त्यानंतरच्या शनिवारी दुपारी राहेलताई लग्नाच्या पांढऱ्या साडीला किनार लावत बसली होती. सर दारात आले. ती सुई न थांबवता म्हणाली, 'तुम्ही घाई करू नका. मी वाट बघेन. वर्ष लागो, दोन लागोत.'

'आणि नाहीच जमलं तर?'

'तर माझ्यातच काहीतरी कमी असेल,' ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली. दवाखान्यात रोगी बरा झाला नाही की ती असंच स्वतःला बोल लावायची, ते मला ठाऊक होतं. सरांना ठाऊक नव्हतं. ते दारातून थेट पप्पांच्या खोलीत शिरले.

तिथे जे झालं ते आमच्याच लोकांत होऊ शकतं. सर म्हणाले, 'मी या लग्नाला लायक नाही. मी राहेलला सुख देऊ शकणार नाही.' आमच्याकडे प्रार्थनेला उभा राहिलेला प्रत्येक जण आधी आपण किती नालायक, किती पापी ते सांगतो. सवयच आहे ती. पप्पांनी सरांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, 'असं ज्याला वाटतं तोच लायक असतो.' सर तिथून पाळकसाहेबांकडे गेले आणि तेच बोलले. पाळकसाहेबांनी डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. संध्याकाळी पप्पा आम्हाला कौतुकाने सांगत होते, 'काय नम्र मुलगा आहे.'

तिसऱ्या रविवारी चर्च भरलं होतं. पावसासाठी खास प्रार्थना होती म्हणून एरवी न येणारेही आले होते. नावं वाचली. कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर, असं पाळकसाहेबांनी नेहमीच्या सुरात म्हटलं. मागून आवाज आला, 'मला ठाऊक आहे.'

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. 'मास्तर, हे इतरांना विचारलंय.' दोनचार जण हसले. तोवर सर खांब सोडून मधल्या वाटेने पुढे आले होते.

'अडचण माझ्यात आहे,' ते म्हणाले. 'मी हे लग्न करू शकत नाही. राहेलमध्ये काहीही कमी नाही. हे मला सगळ्यांसमोरच सांगायचं होतं. घरातल्या घरात मोडलं असतं, तर उद्या तिच्याच नावाने कुजबुज झाली असती.'

'पण कारण काय?' पाळकसाहेबांनी विचारलं.

या माणसाने याच प्रश्नावर अर्धं आयुष्य घालवलं होतं, दोन्ही बाजू त्याला तोंडपाठ होत्या. सर म्हणाले, 'कारण मला सापडलेलं नाही. ते सापडेपर्यंत तिला माझ्याजवळ थांबवून ठेवायचा मला हक्क नाही.' त्यांनी पप्पांना सलाम केला आणि बाहेर गेले. काय करावं कोणाला सुचेना. कार्यक्रमात पुढे पावसाची प्रार्थना होती, म्हणून आम्ही सगळे पावसाची प्रार्थना करायला उभे राहिलो.

मग वस्तीला महिनाभर दुसरा उद्योग नव्हता. सरांनी कारण सांगितलं नव्हतं, ते लोकांनी पुरवलं. कोणी म्हणे शास्त्राची पुस्तकं वाचून डोकं बिघडलं, कोणी म्हणे बोर्डिंगातल्या पोरांचं असंच होतं. ज्यांनी अचूक ओळखलं ते आवाज खाली करून बोलायचे आणि नाक मुरडायचे. पप्पा आठवडाभर जेवताना कोणाशी बोलले नाहीत. शाळेतून सरांनी स्वतःच राजीनामा दिला, कोणी मागण्याआधी. वऱ्हाडात कुठेतरी नोकरी बघितली.

मी राहेलताईची समजूत घालायला गेले. म्हटलं, 'ताई, त्यांनी तुला वाचवलं गं.' ती इतकी चिडली की मी मागे सरले. 'वाचवलं म्हणू नकोस. मी डोळे उघडे ठेवून हो म्हटलं होतं. मला ते हवे होते.' आणि पांढरी साडी तोंडाशी धरून रडली. तिला तसं रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तरी सर निघाले त्या दिवशी दुपारी ती एस.टी. स्टँडवर गेली, घरात कोणाला न विचारता. मला बरोबर घेतलं. सर गाडीच्या कडेने फेऱ्या मारत होते. तिला पाहून म्हणाले, 'रागावलात?'

'हो,' ती म्हणाली. 'आधी मला विचारायला हवं होतं.'

'विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि मी ऐकलं असतं.'

ते खरं होतं. तिने भाकरीचं फडकं त्यांच्या हातात दिलं. सर खाली बघत म्हणाले, 'कारण सापडलं असतं ना राहेल, तर सगळं सोपं झालं असतं.'

'मला तुम्ही आवडलात,' राहेलताई म्हणाली. आजूबाजूला माणसं होती, तिने आवाज खाली केला नाही. 'मुळात आवडलात की मागून, असं मला कोणी विचारलं नाही. आईने नाही, पप्पांनी नाही, तुम्हीसुद्धा नाही. मग तुम्ही एकट्यानेच का म्हणून जन्मभर जबाब द्यायचा?'

सर तिच्याकडे बघत राहिले. कंडक्टरने घंटी दिली आणि ते गाडीत चढले. नंतर ते नगरला कधी आले नाहीत. वऱ्हाडात ते शाळेतल्या एका ड्रॉइंग मास्तरांबरोबर घर करून राहत होते आणि शेवटच्या आजारात त्या मास्तरांनीच त्यांचं सगळं केलं, एवढं खूप वर्षांनी कानावर आलं. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि मग रडूही आलं.

राहेलताईचं लग्न पुढे संगमनेरला झालं. दाजी मायाळू, संसार चांगला. आता जे सांगते ते लोकांना मुद्दाम जुळवून आणल्यासारखं वाटेल. वाटू दे. तिचा मुलगा प्रकाश पुण्याला नोकरीला लागला, आणि आम्ही मावश्या-आत्या त्याच्यासाठी मुली बघायला लागलो. एका सुट्टीत तो स्वयंपाकघरात आला. मी लसूण सोलत होते, ताई कणीक मळत होती. तो ओट्याला टेकून म्हणाला, 'आई, मुली बघू नका. पुण्यात माझ्याबरोबर राहतो तो नुसता मित्र नाही.'

मला सरांचा प्रश्न आठवला. रक्ताचं म्हणावं तर सरांचं आणि या पोराचं काही नातं नाही. संगतीचं म्हणावं तर तो आईबापांच्या घरात, दोन बहिणींच्या मध्ये वाढलेला. पोराचा चेहरा उतरला होता. काय काय विचारलं जाईल त्याची उत्तरं पाठ करून आला होता, ते दिसत होतं. ताईने मळणं थांबवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

'जेवायला कधी आणतोस त्याला?' ती म्हणाली. 'तिखट खातो का?'

या प्रश्नाची त्याची तयारी नव्हती. एवढा वाढलेला मुलगा, ओट्याशी उभ्याउभ्या रडायला लागला. ताईने पिठाच्या हातानेच त्याला जवळ ओढलं आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, 'अरे, खातो की नाही ते सांग ना.'